रात्री कितीला येतो?

नमस्कार श्रोतेहो.

बाल न्याय मंडळाच्या दाराबाहेर एक लाकडी बाक आहे. समुपदेशनाच्या कामासाठी माझं तिथं जाणं-येणं असतं. एकदा त्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला. वयाचा पुरावा म्हणून तो लागतो. मुलगा सोळाचा. कोयते नाचवत वस्तीतल्या गाड्यांच्या काचा फोडणाऱ्या टोळक्यात सापडलेला.

मी विचारलं, "रात्री-अपरात्री बाहेर असतो, तुम्हाला कळलं नाही?"

"ताई, मी पहाटे पाचला घर सोडते. चार घरची धुणीभांडी, संध्याकाळी एका ऑफिसची झाडलोट. अंग टाकलं की मेल्यागत झोप लागते. तो रात्री कितीला येतो, मला काय ठाऊक?"

पोरावर नजर ठेवायलासुद्धा फुरसत लागते, आणि ती सगळ्यांना परवडत नाही. गरिबी आणि गुन्हा यांचं नातं मला तरी इथं दिसतं.

अमेरिकेत शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्यानं बोस्टनमधल्या 500 गुन्हेगार आणि 500 सरळमार्गी मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. दोन्हीकडची मुलं गरीब वस्त्यांतलीच. पुढं त्यांची कागदपत्रं हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाच्या तळघरात धूळ खात पडली. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब या अभ्यासकांनी ती बाहेर काढून नव्यानं तपासली. त्यांना दिसलं ते असं, की गरिबीचा परिणाम मुलापर्यंत बराचसा घरातून पोचतो: नजर सुटते, जिव्हाळा आटतो, आज मार तर उद्या माफी, असं शिक्षेला धरबंद राहत नाही. ज्या घरांनी हे सांभाळलं, तिथली बरीच मुलं त्याच गल्लीत राहून वाचली.

आपल्याकडचं म्हणाल, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात दरवर्षी दिसतं, की पकडलेली बहुतेक मुलं आईवडिलांसोबत राहणारी असतात. बेघर अगदी थोडी. पण त्या तक्त्यात येतात ती पकडलेली मुलं. ज्यांचं प्रकरण पोलिस ठाण्याच्या पायरीवरच मिटलं, त्यांचा रकाना कुणी छापत नाही.

आता पुण्याचं कल्याणीनगर आठवा. 19 मे 2024 ची पहाट. सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती कोटीच्या वर किमतीची पोर्शे. मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते जागीच गेले. त्या गाडीच्या नोंदणीचे 1,758 रुपये भरायचे राहून गेले होते! मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं गेलं. त्यावर गदारोळ उठला, आदेश बदलला, मुलगा निरीक्षणगृहात गेला आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं सुटला. हे सारं आपण ऐकलंय.

मला जास्त खुपलं ते त्यानंतरचं. दारूचा अंश सापडू नये म्हणून रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप आहे, आणि मुलाच्या जागी आईचं रक्त दिल्याचा. गुन्हा अंगावर घे म्हणून ड्रायव्हरला डांबल्याच्या आरोपात वडील आणि आजोबा. निकाल न्यायालय देईल. पण आरोपींमध्ये घरचेही उभे राहिले, आईपासून आजोबांपर्यंत. गाडी देताना जी माया दिसली, तीच पाठीशी घालताना दिसली, असंच म्हणावं लागेल.

पैशानं मुलगा बिघडतो, असं मी म्हणणार नाही. सुखवस्तू घरांतली कितीतरी साधी, समजूतदार मुलं माझ्या पाहण्यात आहेत. पण पैसा केलेल्या चुकीचा हिशोब दुसऱ्याच्या खात्यावर टाकायची सोय करून देतो. ती सोय वापरायची की नाही, हे आईबाप ठरवतात.

कायद्याला हे कळलेलं आहे. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीनानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. तरी कुठल्याही शाळेबाहेर दुपारी उभे राहा, नववीतली पोरं ॲक्टिव्हावर तिघं-तिघं बसून जाताना दिसतील. चावी कुणी दिली, हे विचारायला नको.

त्या बाईंना पुढची तारीख मिळाली, सोमवारची. त्यांनी कारकुनाला हळूच विचारलं, "रविवारी नाही का जमणार? सोमवारी गेले नाही तर खाडा कापतात."

कारकून म्हणाला, "बाई, रविवारी बंद असतं."

त्यांनी दाखला घडी घालून परत पिशवीत ठेवला.