मार्क न देणाऱ्या मॅडम
लघुमाहितीपटाचं निवेदन

[दृश्य : शाळेचं मैदान. परिपाठ संपून रांगा वर्गाकडे निघाल्या आहेत.]

या चित्रफितीत तुम्हाला वर्ग दिसतील, मैदान दिसेल, शिक्षक दिसतील. पण जिच्याबद्दल ही चित्रफीत आहे, ती समुपदेशनाची खोली तेवढी रिकामीच दिसेल. आत मूल बसलेलं असताना कॅमेरा न्यायचा नाही, ही समुपदेशक मॅडमची पहिली अट. ती रास्तच होती. पुढं ज्या मुलांबद्दल आपण ऐकणार आहोत, त्यांची नावं सांगणार नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

सांगली जिल्ह्यातलं हे एक अनुदानित हायस्कूल, खानापूर तालुक्याच्या बाजूचं. मुलं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरनं येतात, कुणी सायकलनं, कुणी एसटीनं. मॅडमकडे याच संस्थेच्या तीन शाळा आहेत. आठवड्याचे दोन दिवस इथं, दोन दिवस दुसऱ्या शाळेत, उरलेले कृष्णाकाठच्या शाळेत. प्रवासही त्यांचा एसटीनंच होतो.

[दृश्य : रिकामी खोली.]

ही खोली पूर्वी खेळाच्या साहित्याची होती. मॅडम आल्यावर टेबल भिंतीला सरकवलं गेलं, कारण टेबलापलीकडं बसलेलं माणूस मुलांना साहेबच वाटतं. दोन खुर्च्या आहेत, पण समोरासमोर नाहीत, जरा तिरप्या. बोलताना मुलाला वाटलं तर खिडकीकडं बघता यावं म्हणून. खिडकी मागच्या बाजूला उघडते, त्यामुळं आत कोण बसलंय ते व्हरांड्यातनं दिसत नाही. एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये असते, ऑफिसातल्या किल्ल्यांच्या जुडग्यात नसते.

मुली इथं जोडीनं येतात. "मॅडम, हिला काहीतरी सांगायचंय," असं जी म्हणते, बऱ्याचदा तिलाच सांगायचं असतं. मुलं एकटी येतात, तीही काहीतरी निमित्त काढून. स्कॉलरशिपचा फॉर्म कुठं मिळतो, असं विचारत आलेला मुलगा फॉर्मची सगळी माहिती ऐकून घेतो आणि तरी उठत नाही. तेव्हा मॅडमही घाई करत नाहीत.

कुणीही पहिल्यांदा आलं, की मॅडम एक गोष्ट आधी सांगतात. ती त्यांच्याच शब्दांत ऐका.

"तू इथं जे बोलशील, ते मी वर्गात सांगणार नाही, स्टाफरूममध्ये सांगणार नाही, घरीही सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळं दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्यावर अत्याचार करत असेल, तर मला गप्प बसता येणार नाही. तेव्हा मी पुढं सांगणार. मात्र कुणाला आणि काय सांगणार, ते आधी तुला सांगेन."

आठवीतल्या मुलाला कळेल अशा भाषेत हे सांगून झाल्याशिवाय पुढचं बोलणं सुरू होत नाही. या कामाचा सगळा भार या चार वाक्यांवर आहे. मुलानं विश्वासानं सांगितलेलं जपायचं, आणि जपणं धोक्याचं ठरेल तिथं ते थेट पुढं न्यायचं. कुठं थांबायचं आणि कुठं नाही, हे ओळखायलाच प्रशिक्षण लागतं.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर कायद्यानं पर्यायच ठेवलेला नाही. पॉक्सो म्हणजे २०१२चा बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याची माहिती ज्याला आहे, त्यानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा आहे. 'शाळेचं नाव जाईल', 'गावातच बसून मिटवू', 'पोरीच्या लग्नाचं कसं व्हायचं' ही वाक्यं आपण सगळ्यांनी कुठं ना कुठं ऐकलेली आहेत. मिटवलेल्या प्रकरणात ते मूल रोज त्याच रस्त्यानं शाळेला येत असतं, आणि तो माणूसही त्याच गावात फिरत असतो. म्हणून समुपदेशकानं तिथं मध्यस्थी करायची नसते. मुलासोबत उभं राहायचं असतं.

[दृश्य : स्टाफरूम. वह्यांचे गठ्ठे.]

शिक्षकांकडूनही मुलं येतात. "याला जरा समजावा," एवढ्या एका वाक्यासकट. मॅडमनी त्यावर एक पद्धत बसवली आहे. मूल पाठवताना शिक्षकानं कागदावर दोन ओळी लिहायच्या, पण जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. 'आळशी आहे' हे चालणार नाही. 'तीन आठवडे झाले, गणिताच्या तासाला बाकावर डोकं टेकून असतो' हे चालेल. सुरुवातीला काही शिक्षकांना हे जाचक वाटलं. आता त्यांच्याच लक्षात यायला लागलंय, की लिहायला बसलं की निम्म्या मुलांबद्दल आपल्याला नेमकं काय खटकतंय तेच सांगता येत नाही.

अशाच एका कागदावर लिहून आलं होतं : 'तोंडी सगळं येतं. वहीत काही नाही. पेपर कोरा सोडतो.'

मुलगा नववीतला. इतिहासाचा धडा एकदा ऐकला की सनावळीसकट सांगणारा. पण लिहायला घेतलं की जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या गळायच्या, फळ्यावरची एक ओळ उतरवायला त्याला बाकीच्यांच्या तिप्पट वेळ लागायचा. पहिलीपासून त्यानं यासाठी मार खाल्ला होता. घरी समज अशी, की पोरगं मुद्दाम करतंय. त्यालाही तेच पटायला लागलं होतं.

मॅडमनी घाईनं निदान केलं नाही. निदान करणं हे समुपदेशकाचं कामच नव्हे. आधी डोळे तपासायला लावले, मग कान. दोन्ही ठीक निघाले. मग जुन्या वह्या मागवल्या आणि आईला बोलावून लहानपणापासूनचं सगळं विचारून घेतलं. त्यानंतर अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी सरकारी रुग्णालयाकडं पाठवलं. 'अक्षमता' शब्द ऐकून वडील उठूनच गेले. "माझ्या पोराला येडं ठरवताय व्हय?" एवढंच म्हणाले. पुन्हा यायला त्यांना महिना लागला. मध्ये मॅडमनी दोनदा घरी जाऊन चहा घेतला आणि त्या विषयावर एक अक्षरही काढलं नाही. मुलगा गुरांचा हिशेब तोंडी कसा ठेवतो, एवढंच बोलून आल्या.

ही माहिती प्रत्येक पालकाजवळ असायला हवी, म्हणून जरा थांबून सांगतो. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे आणि त्यात अध्ययन अक्षमता आहे. बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी कुठं तरी मेंदूची वाट अडते, असा त्याचा साधा अर्थ. सक्षम वैद्यकीय यंत्रणेचं प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. पेपरच्या दर तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. गरजेप्रमाणे लेखनिकही मिळतो. पण तपासणीच्या तारखा, रुग्णालयाच्या फेऱ्या, शाळेमार्फत बोर्डाकडं जाणारा प्रस्ताव, यात महिने जातात. दहावीच्या जानेवारीत जाग येऊन उपयोग नाही. आठवी-नववीतच सुरुवात करावी लागते, आणि त्यासाठी आठवी-नववीतच कुणाच्या तरी नजरेला ते पडावं लागतं.

[दृश्य : विट्याचं एसटी स्टँड. बसवरच्या पाट्या.]

खानापूर-आटपाडीचा हा दुष्काळी पट्टा. इथली माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईला जातात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. देशभरातल्या सराफ बाजारांत इथल्या माणसांची गलाईची दुकानं आहेत. या धंद्यानं कितीतरी घरं वर काढली, ते खरंच आहे. पण त्यामुळं नववी-दहावीच्या मुलाला शाळेचा कंटाळा आला, की त्याच्यापुढं एक तयार वाट असते : मामाच्या दुकानात. घरात वडील नसतात, ते फोनवर असतात. आई, आजी आणि शेत. अशा घरातल्या थोरल्या मुलावर वयाआधीच कारभार येऊन पडतो. तो उद्धट झालाय, अशी तक्रार येते तेव्हा तो कारभारी झालेला असतो, एवढंच.

अशा मुलाला मॅडम 'शिकला नाहीस तर काय होईल' असं भाषण देत नाहीत. धंदा शिकायची इच्छा वाईट नाही, हे त्या मान्य करतात. मग बाकीच्या वाटा मांडतात. आयटीआय आहे, दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. आणि जो निघूनच गेलाय, त्याच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बोर्डाच्या परीक्षेला बसायची सोय. गेलेल्या मुलाच्या मामाला फोन लावून, "परीक्षेच्या तेवढ्या दिवसांत पोराला गावी पाठवा," असं पटवून देणं, हेही समुपदेशकाच्या कामातच येतं.

आठवीत असताना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ज्या घरात फक्त फीपायी शिक्षण थांबणार असतं, तिथं हा आकडा बोलण्यापेक्षा जास्त काम करतो.

मुलींचा प्रश्न वेगळा. दहावीच्या सुट्टीत स्थळं यायला लागतात. एका मुलीनं एप्रिलमध्ये मैत्रिणीच्या फोनवरनं मॅडमना कळवलं : सुपारी फुटली. मुलीचं वय पुरतं सोळा नव्हतं. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि मदतीचा नंबर १०९८. मॅडमनी मुख्याध्यापकांना सांगून तिथं कळवलं, आणि त्याच दिवशी घरीही गेल्या. दुसरं कुणी असतं तर नुसती तक्रार करून मोकळं झालं असतं. पण लग्न थांबलं तरी मुलीला त्याच घरात राहायचं असतं. वडिलांचा मुद्दा एकच होता : कॉलेज तालुक्याला, रोजचं भाडं कुठनं आणू, आणि अंधार पडल्यावर पोरगी येणार कशी. भाड्याचं उत्तर सोपं होतं. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. अंधाराचं उत्तर सोपं नव्हतं. त्यासाठी त्याच रस्त्यानं कॉलेजला जाणाऱ्या बारावीच्या दोन मुली शोधाव्या लागल्या, त्यांच्या आयांची गाठ घालून द्यावी लागली. मुलगी आज अकरावीला आहे.

[दृश्य : कृष्णेचा घाट, सांगली. आयर्विन पूल.]

कृष्णाकाठच्या शाळेत पावसाळ्यात पुराची भीती येते. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या लहान पोरालाही पाठ आहे. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं. त्या वेळी पहिली-दुसरीत असलेली मुलं नंतर या हायस्कुलात आली. जोराचा पाऊस सुरू झाला की त्यांतली काही दप्तर आवरून बसतात. त्यांना धीट व्हा म्हणून काही होत नाही. पाणी वाढलं तर शाळा कुणाला फोन करेल, घरातले कुठं जातील, गुरं कुठं हलवायची, हे कागदावर लिहून दिलं की ती शांत होतात.

[दृश्य : पालकसभा. आया पुढं, वडील मागच्या भिंतीला टेकून.]

आता जे सांगायचंय, ते पालकसभेत मॅडम दरवर्षी सांगतात. मुलाच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा आला, आवडीच्या वस्तू तो वाटून टाकायला लागला, सगळ्यांपासून तुटायला लागला, तर 'मरणाचे विचार येतात का', असं त्याला शांतपणे, सरळ विचारायचं. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मूल बोलतं. मग त्याला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरांकडं न्यायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि दिवसरात्र सुरू असतो. आणि बागेची, शेताची औषधं घरात किंवा शेडमध्ये उघडी ठेवायची नाहीत. कुलपात ठेवायची, आणि किल्ली मोठ्या माणसाजवळ. द्राक्षाच्या पट्ट्यात हा इलाज सगळ्यात स्वस्त आहे, आणि तो जीव वाचवतो.

समुपदेशकाकडून ज्या गोष्टी करून घेऊ नयेत, त्याही स्पष्ट बोलायला हव्यात. शिक्षक रजेवर गेले म्हणून त्यांच्या तासाला उभं करणं. शिक्षेआधीची पायरी म्हणून मूल त्यांच्यापुढं नेणं. मुलानं आत काय सांगितलं ते स्टाफरूममध्ये विचारणं. ज्यांच्या हातात मुलाचे मार्क नाहीत, हजेरी नाही, छडी नाही, असं शाळेत एकच मोठं माणूस आहे. ते तसंच राहू द्यावं.

अमेरिकेत शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागं एक समुपदेशक असावा, अशी शिफारस करते. आपल्याकडं अनुदानित शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे सरकार मंजूर करतं त्या पदांच्या यादीत, मुख्याध्यापक, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी यांची गणती होते, समुपदेशकाची जागा सहसा नसतेच. संस्था मनावर घेते तिथं मानधनावर माणूस येतो, आणि मानधन थांबलं की जातो. सांगितलेलं गुपित जपणारं माणूसच दर दोन वर्षांनी बदललं, तर मुलानं पुन्हा पहिल्यापासून कुणाला सांगायचं? हे पद कायम हवं, असं मी ठामपणे म्हणतो.

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. पटसंख्या त्याहून कमी असेल, तर शाळेनं बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. १००चा पट म्हणजे आपल्या भागातल्या बऱ्याच माध्यमिक शाळा यात येतात.

[दृश्य : शाळेचा दर्शनी फलक.]

तुमची मुलं ज्या शाळेत आहेत, तिथल्या पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत हे विचारा. आपल्या शाळेत समुपदेशक कोण? कोणत्या वारी येतात? बसायला दार असलेली खोली आहे का? नोंदींच्या कपाटाची किल्ली कुणाकडं असते? नेमणूक झालेली नसेल, तर मूल अडचणीत आल्यावर शाळा कोणत्या डॉक्टरांना फोन करणार, आणि तो नंबर फलकावर लिहिलाय का? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.