सरोवरावरचा सेनानी : थॉमस मॅकडोना

११ सप्टेंबर १८१४, रविवारची सकाळ. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात १८१२ पासून युद्ध सुरू आहे. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, शॅम्प्लेन सरोवरातल्या प्लॅट्सबर्ग उपसागरात चार अमेरिकी जहाजं आणि दहा तोफनौका नांगरून उभ्या आहेत. कॅनडातून उतरलेलं सुमारे १० हजारांचं ब्रिटिश सैन्य किनाऱ्यावर येऊन ठेपलंय, आणि ब्रिटिश आरमार सरोवरातून चाल करून येतंय. इथे हार झाली, तर दक्षिणेचा रस्ता मोकळा! अमेरिकी ताफ्याचा प्रमुख आहे थॉमस मॅकडोना. वय अवघं ३०.

डेलावेअरचा हा मुलगा १८०० साली आरमारात शिकाऊ अधिकारी म्हणून दाखल झाला. १८०४ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोली बंदरात शिरून, शत्रूच्या हाती पडलेलं 'फिलाडेल्फिया' हे अमेरिकी जहाज जाळणाऱ्या धाडसी तुकडीत तो होता. या सरोवरावर मात्र त्याला आयती जहाजं मिळाली नाहीत. व्हर्जेन्स गावापाशी रानातली झाडं पाडून, जेमतेम ४० दिवसांत 'साराटोगा' हे त्याचं मुख्य जहाज पाण्यात उतरवलं गेलं.

आता त्याची तयारी नीट पाहा. साराटोगाच्या पुढच्या भागापासून दोन्ही बाजूंना त्याने जादा लहान नांगर टाकले. त्यांचे दोर जहाजाच्या मागच्या भागात आणून बांधले, आणि तोफगोळ्यांनी तुटू नयेत म्हणून पाण्याखाली सैल सोडले. दोर ओढले की वाऱ्याची मदत न घेता जहाज जागच्या जागी फिरणार.

लढाई भयंकर झाली. 'कॉन्फियान्स' या ब्रिटिश जहाजाच्या पहिल्याच माऱ्यात साराटोगावर कितीतरी माणसं कोसळली. ब्रिटिश प्रमुख जॉर्ज डाउनी सुरुवातीलाच ठार झाला. मॅकडोना स्वतः दोनदा फेकला गेला, पुन्हा उठून तोफेपाशी आला. अखेर साराटोगाची उजवी बाजू पार निकामी झाली. मग खलाशांनी दोर ओढले. जहाज वळलं, आणि डावीकडच्या, एकही गोळा न झाडलेल्या तोफा धडाडल्या. कॉन्फियान्सनेही वळायचा प्रयत्न केला, पण ते मध्येच अडकलं. दोन तासांहून अधिक चाललेली झुंज तिथे संपली.

शरण आलेल्या अधिकाऱ्यांनी तलवारी पुढे केल्या. मॅकडोनाने त्या सन्मानाने परत दिल्या. या माणसाचा मोठेपणा मला विजयाइतकाच इथे दिसतो.

आरमार हरल्यावर किनाऱ्यावरचं ब्रिटिश सैन्य कॅनडाकडे माघारी फिरलं. ही बातमी युरोपात पोहोचली तेव्हा आजच्या बेल्जियममधल्या घेंट शहरात तहाची बोलणी सुरू होती. अमेरिकेचा मुलूख मागणाऱ्या ब्रिटिशांना आपला हट्ट सोडावा लागला, आणि २४ डिसेंबर १८१४ रोजी तह झाला.

मॅकडोनाला बढती मिळाली, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, सुवर्णपदक दिलं. पण क्षयाने त्याचं शरीर पोखरलं होतं. भूमध्य समुद्रावरची कामगिरी सोडून घरी परतताना, १० नोव्हेंबर १८२५ रोजी एका व्यापारी जहाजावर त्याचं निधन झालं. पत्नी ल्युसी त्याच वर्षी गेली होती. कनेटिकटमधल्या मिडलटाउनला, तिच्या शेजारी त्याला पुरण्यात आलं.