पाऊस कमी, तरी मुळं पाण्यात : कोरड्या भागातली चिकण जमीन कशी ओळखायची

(टेबलावर काचेचे दोन पेले, बाजूला मातीची दोन ढेकळं. कॅमेरा पेल्यांवर.)

नमस्कार. दोन्ही पेल्यांत डिस्टिल्ड पाणी आहे, गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं तेच. आता दोन्हीत वाटाण्याएवढा एकेक कोरडा खडा अलगद सोडतोय. ढवळायचं नाही, हलवायचं नाही. दोन्ही खडे काळ्या मातीचे, दिसायला सारखेच. पेले असेच राहू देत, शेवटी परत बघू.

मुंबईत राहून गावाकडच्या जमिनीचे निर्णय घेणाऱ्यांसाठी आजचा व्हिडिओ आहे. कुणाची सोलापूरकडं वडिलोपार्जित पाच एकर असते, कुणी अहिल्यानगरकडं नवी घेतलेली असते. आणि एक समज जवळजवळ सगळ्यांचा असतो : तिकडं पाऊसच नाही, मग निचऱ्याची काळजी कशाला?

मुंबईत वर्षाला २,००० मिमीच्या वर पाऊस पडतो. घाटापलीकडच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात साधारण ५०० ते ७००. पण मुळं कुजतात ती किती पाणी पडलं यावर नाही, ते किती वेळ मुळाशी थांबलं यावर. कोकणातल्या जांभ्या मातीतून पाणी झरझर खाली जातं. काळ्या भारी जमिनीत ते थांबतं, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मुळं अक्षरशः गुदमरतात.

(ढेकूळ हातात. कॅमेरा अगदी जवळ.)

हे ढेकूळ दीड फूट खोलीवरचं. मी ते मोडतो. मोडलेल्या बाजूवर बोट फिरवा : गुळगुळीत, तेल लावल्यासारखी चकाकी, आणि तिच्यावर बारीक समांतर ओरखडे. ही माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. दरवर्षी फुगताना मातीचे मोठे तुकडे एकमेकांवर घासतात, त्या घासण्याची ही खूण. बेसाल्ट झिजून तयार झालेल्या या मातीत चिकणमातीचे कण बऱ्याचदा १०० भागांत ४० ते ६० भाग असतात, आणि त्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइटच्या जातीचं. उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळंच.

या भेगांमुळं फसगत होते. पहिला वळीव पडला की पाणी भेगांतून धो धो आत जातं, आणि बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर निचरा आहे! मग माती फुगते, भेगा मिटतात आणि जमीन झाकण लावल्यासारखी बंद होते. त्यानंतर चिकण माती तासाला १ ते ५ मिलिमीटर पाणी पिते, खराब झालेली त्याहूनही कमी. म्हणून निचऱ्याची परीक्षा कोरड्या जमिनीवर कधीच घेऊ नका.

परीक्षा अशी घ्या. एक फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा. तळ आणि कडा फावड्यानं चोपू नका, नाहीतर तुम्हीच भोकं बुजवाल. काठोकाठ पाणी भरा, रात्रभर मुरू द्या. सकाळी परत भरा, आडवी काठी ठेवा आणि तिच्यापासून पाणी किती उतरलं ते दर तासाला मोजा. तासाला अडीच सेंमी किंवा जास्त उतरलं तर ठीक. एक सेंमीसुद्धा उतरलं नाही तर निचरा वाईट. एका शेतात निदान तीन खड्डे करा : वरच्या अंगाला, मध्ये आणि सखल कोपऱ्यात. सखल कोपरा नेहमी वेगळंच सांगतो.

खड्डा खणताना बाजू नीट बघा. पांढरे खडे दिसले की त्यावर लिंबू पिळा. फसफसलं तर चुनखडी. अशा जमिनीत नवी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात, लोह असूनही पिकाला घेता येत नाही. राखाडी पट्टे किंवा गंजासारखे ठिपके दिसले तर तिथं पाणी बराच काळ साचून राहतं. काळ्या रंगात हे ठिपके सहज लपतात, म्हणून ते दिसले नाहीत एवढ्यावरून जमीन चांगली असं ठरवू नका. आणि काळा रंग म्हणजे कस, हेही डोक्यातून काढा. अशा जमिनींत सेंद्रिय कर्ब पुष्कळदा अर्धा टक्काही नसतो.

आता मुख्य मुद्दा. ओल्या प्रदेशात वाईट निचऱ्याची जमीन फक्त ओली असते. कोरड्या प्रदेशात ती हळूहळू खारट होते. पाण्याला खाली जायला वाट नाही, मग ते वर जातं : ऊन ओढून नेतं, पिकं ओढून नेतात. क्षार मात्र जागेवर राहतात.

हिशेब मांडू. बोअरच्या पाण्याची ईसी, म्हणजे विजेच्या वहनावरून काढलेलं क्षारांचं माप, १ (डेसीसीमेन्स प्रति मीटर) असेल, म्हणजे बरंच चांगलं पाणी, तरी लिटरमागे सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार. एका एकरात १० सेंमी पाणी म्हणजे चार लाख लिटर. त्यातून आले सुमारे २६० किलो क्षार, ५० किलोची पाच पोती. उसाला वर्षात मिळून दीड मीटर पाणी गेलं तर जवळजवळ चार टन. खालून निचरा नसेल तर हे सगळं तुमच्या शेतातच मुक्कामाला. आधी खारवट जमीन होते : उन्हाळ्यात वर पांढरा थर, मातीची ईसी ४ च्या वर. आणि पाण्यात सोडियम जास्त असेल तर चोपण.

चोपण जमीन समजून घ्या, कारण लोक तिच्यावर पैसा वाया घालवतात. चिकणमातीचे कण पातळ पापुद्र्यांसारखे असतात. कॅल्शियम त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं, त्यांच्या कणी बनतात, कण्यांमधून हवा-पाणी फिरतं. कॅल्शियमच्या जागी सोडियम बसलं की पापुद्रे सुटे होतात आणि जिथून पाणी जायचं तीच भोकं बुजवतात. ओली असताना साबणासारखी बुळबुळीत, वाळली की दगड. वाफसा, म्हणजे मशागत करता येईल अशी ओल, राहतो तो जेमतेम दिवस-दोन दिवस. आज नांगर चिकटतो, परवा ढेकूळ फुटत नाही. पुस्तकी मर्यादा अशी : सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेलं सोडियम, १५ टक्क्यांच्या वर. पण फुगणाऱ्या काळ्या मातीत नुकसान १५ च्या कितीतरी आधी सुरू होतं. अहवालात या सोडियमचा ८ किंवा १० आकडा आला तरी तो गंभीरच समजा.

उपायाचा क्रम चुकवू नका. आधी पाण्याला बाहेरची वाट. उताराच्या दिशेनं तीन-साडेतीन फूट खोल चर, आणि त्याचं तोंड ओढ्याला किंवा नाल्याला उघडं. तोंडच नसेल तर तो चर नाही, डबकं आहे. त्यानंतर जिप्सम, म्हणजे सोडियमच्या जागी कॅल्शियम बसवणारं खनिज. वरच्या १५ सेंमी मातीतलं, १०० ग्रॅम मातीला १ मिलिइक्विव्हॅलंट (प्रयोगशाळेच्या अहवालातलं एकक) सोडियम हटवायला एकरी सुमारे ८०० किलो शुद्ध जिप्सम लागतं, म्हणजे जास्त बिघडलेल्या जमिनीला चार टन सहज. पावसाआधी पसरा, वरच्या १५ सेंमीत मिसळा, बांध घालून पावसाचं पाणी मुरवा. सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर चरातून बाहेर गेलं तरच काम झालं. चर नसताना टाकलेलं जिप्सम म्हणजे वाया गेलेला खर्च, आणि हीच चूक सगळ्यात जास्त होते. सोबत धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडा.

वाळू मिसळायचा सल्ला ऐकू नका. एका एकराची वरची १५ सेंमी माती ९०० टनांच्या आसपास भरते. चार डंपर वाळूनं तिचा पोत बदलत नाही, उलट वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते.

निचरा थोडासाच कमी असेल तर रुंद वरंबा-सरी पुरते : एकूण दीड मीटर, त्यात अर्ध्या मीटरची सरी. पीकही जमिनीला विचारून निवडा. डाळिंब इथं लावू नका, मर लागते, म्हणजे झाडं सुकून मरतात. मंगळवेढ्याची ज्वारी मात्र याच भारी जमिनीत, साठलेल्या ओलीवर, पाणी न देता येते. तीच चिकणमाती, पण सोडियम नसलेली.

फार्महाऊस बांधायचं असेल तर एवढंच : या मातीवर साधा उथळ पाया घातला की भिंती तडकतात. पवईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर द्यायची पद्धत विकसित केली. स्ट्रक्चरल इंजिनीअरला तिच्याबद्दल आणि अंडर-रीम्ड पाइलबद्दल, म्हणजे खालच्या टोकाला फुगीर असलेल्या खोल खांबाच्या पायाबद्दल, विचारा.

(परत पेले. दोन तास झालेत.)

डावीकडचा खडा सुटून ढीग झालाय, पण पाणी स्वच्छ आहे. ही माती फक्त सुटते, तिला शेणखत आणि सरी पुरेल. उजवीकडं बघा. खड्याभोवती दुधाळ ढग आहे, आणि पेला तसाच ठेवला तर उद्याही पाणी गढूळच दिसेल. हे सोडियम. बोअरच्या पाण्यात ही चाचणी करू नका, त्यातले क्षार ढग दाबून टाकतात.

उजवीकडच्यासारखं दिसलं तर एकरभरातून आठ-दहा ठिकाणची ० ते ३० सेंमी माती घ्या, ३० ते ६० सेंमीची वेगळी पिशवी करा, दोन्हींतून अर्धा-अर्धा किलो सावलीत वाळवा. खताच्या ताज्या जागा आणि बांधाकडेची माती टाळा. प्रयोगशाळेच्या अर्जावर फक्त एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश) लिहिलेलं असेल तर त्याखाली हातानं लिहा : सामू, ईसी, विनिमययोग्य सोडियम, मुक्त चुनखडी, जिप्समची गरज. आणि बोअरच्या पाण्याची एक लिटरची बाटली त्याच दिवशी द्या.