‘णूक’ने संपणारे पाच अक्षरी शब्द

मंडळी, आजचा विषय तसा छोटा आहे. शेवटी ‘णू’ आणि ‘क’ ही जोडी असलेले पाच अक्षरी शब्द. शब्दकोडी रचणाऱ्यांची आणि सोडवणाऱ्यांची यांच्याशी सारखी गाठ पडते, आणि चुकाही ठरावीक जागीच होतात.

आधी अक्षरे मोजण्याबद्दल. कोड्यात एका घरात एक अक्षर. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांना स्वतंत्र घर नसते आणि जोडाक्षर एकाच घरात बसते. म्हणून ‘गुंतवणूक’ म्हणजे गुं, त, व, णू, क अशी पाच घरे. ‘वर्तणूक’ मात्र चारच घरांची, कारण ‘र्त’ हे एक अक्षर आहे. ‘णूक’ दोन घरे खातो, म्हणजे त्याच्या आधी येणारा धातू (क्रियापदाचे मूळ रूप) तीन अक्षरी हवा. नेम, वाग, जप हे दोन अक्षरी असल्यामुळे नेमणूक, वागणूक, जपणूक आपल्या यादीत येत नाहीत.

मग राहते काय? रोजच्या वापरातले तेरा शब्द घेऊ: करमणूक, निवडणूक, लुबाडणूक, मिरवणूक, फसवणूक, अडवणूक, पिळवणूक, नागवणूक, सतावणूक, गुंतवणूक, साठवणूक, सोडवणूक, शिकवणूक. यातल्या पहिल्या तिघांचा अपवाद सोडला तर बाकी दहांच्या तिसऱ्या घरात ‘व’ आहे. बहुतेक ठिकाणी हा ‘व’ प्रयोजकाचा, म्हणजे क्रिया दुसऱ्याकडून घडवून आणण्याचा. फसणे–फसवणे, अडणे–अडवणे, गुंतणे–गुंतवणे. मिरवणे आणि सतावणे यांत तो धातूचाच भाग आहे. पिळवणूक जरा वेगळी. पिळणे हे आधीच सकर्मक, तरी शब्द ‘पिळणूक’ असा रुळला नाही.

आता अर्थ. या तेरांपैकी सहा शब्द सरळसरळ दुसऱ्याला त्रास देण्याचे आहेत आणि कोड्याच्या सूचनांमध्ये सगळ्यात जास्त घोळ त्यांचाच होतो. ‘लुटणे’ एवढीच सूचना दिली तर लुबाडणूकही चालेल आणि नागवणूकही. फरक असा: लुबाडणुकीत धाकाने किंवा लबाडीने दुसऱ्याचे काढून घेतले जाते, नागवणुकीत त्याच्याजवळ काही शिल्लकच राहत नाही, ‘नागवा’शी तिचे नाते आहे. फसवणुकीला खोटे भासवणारा माणूस लागतो. फसगत तशी नाही, ती स्वतःच्या चुकीच्या अंदाजानेही होते, म्हणून दोन्ही एकमेकांच्या सूचना म्हणून वापरू नयेत. अडवणुकीत खोटे बोलावे लागत नाही. समोरच्याला नड आहे हे ओळखून त्याचे काम रोखून धरले की झाली अडवणूक. पिळवणूक एका व्यवहारात होत नाही. दुबळ्याच्या श्रमाचा किंवा अगतिकतेचा गैरफायदा सतत घेतला जातो तेव्हाच तो शब्द शोभतो. सतावणूक म्हणजे पुन्हापुन्हा दिलेला त्रास, त्यात पैशाचा संबंध असलाच पाहिजे असे नाही.

बाकीचे सोपे आहेत. साठवणूक ही क्रिया, साठा ही साठलेली वस्तू. शिकवणूक म्हणजे उपदेश किंवा विचार, आणि शिकवणी म्हणजे फी देऊन लावतात ती. ही अदलाबदल छापील कोड्यांतही दिसते. सोडवणूक प्रश्नाचीही होते आणि संकटात सापडलेल्याचीही. निवड कशाचीही, निवडणूक मात्र बहुधा मतदानाने होणारी. करमणूक ‘करमणे’पासून आली. मिरवणूक आणि गुंतवणूक यांचा अर्थ सांगायची गरज नाही, फक्त गुंतवणूक पैशाइतकीच भावनेचीही असते हे सूचना लिहिताना उपयोगी पडते.

शुद्धलेखनाचा मुद्दा जरा सावकाश पाहू, कारण कोडे फसते ते इथेच. शेवटचे अक्षर अकारान्त असले की मराठी शब्दात त्याच्या आधीचा उकार दीर्घ, म्हणून ‘णूक’. प्रत्यय लागून सामान्यरूप झाले की तोच उकार ह्रस्व होतो: निवडणुकीत, मिरवणुकीला, फसवणुकीचा. ‘निवडणूकीत’ हे चूक. अनेकवचनातही ह्रस्वच: निवडणुका. पण ‘निवडणूक आयोग’, ‘गुंतवणूकदार’ इथे सामान्यरूप झालेले नाही, म्हणून दीर्घ तसाच राहतो. आता गंमत बघा. ‘निवडणुका’ हाही पाच अक्षरीच शब्द आहे. सूचना अनेकवचनी लिहिली की चौथे घर ‘णू’चे ‘णु’ होते आणि पाचवे ‘क’चे ‘का’. चौथ्या घरातून ‘माणूस’ उभा जात असेल तर तो तिथेच मोडतो. ‘णू’ असलेले सोयीचे उभे शब्द मोजकेच: माणूस, विषाणू, जीवाणू, जणू वगैरे. यातला एखादा बसत नसेल तर चौथ्या घराच्या वर आणि खाली काळे घर टाकावे, ओढूनताणून शब्द घुसवू नये.

उभ्या शब्दाचा छेद द्यायचाच तर पहिल्या घरात द्यावा. शेवटची तीन घरे भरून सोडवणाऱ्याला फारसे काही कळत नाही, ‘वणूक’वर दहा शब्द उभे आहेत. दुसरे घर बरे, पण तिथे ‘ड’ आला तर अडवणूक की सोडवणूक हे ठरत नाही. पहिले अक्षर मात्र तेराही शब्दांचे वेगळे आहे: क, नि, लु, मि, फ, अ, पि, ना, स, गुं, सा, सो, शि. तेवढे एक मिळाले की या यादीपुरता प्रश्न मिटतो. अर्थात ‘स’, ‘सा’ आणि ‘सो’ ही तीन, तसेच ‘नि’ आणि ‘ना’ ही दोन वेगळी अक्षरे मानली तरच. काही रचनाकार काना-मात्रेची सूट देतात. तशी सूट असेल तर ती कोड्याच्या डोक्यावर लिहावी.

शेवटी, संगणकावर यादी काढणाऱ्यांसाठी. साधी लांबी मोजली तर संगणक अक्षरे मोजत नाही, युनिकोडची (संगणकातल्या लिपीचिन्हांच्या प्रमाण पद्धतीची) चिन्हे मोजतो, त्यात काना, वेलांटी, उकार, अनुस्वार वेगळे धरले जातात. मग करमणूक ६, निवडणूक ७ आणि गुंतवणूक ८ भरते आणि ‘पाच’ची चाळणी लावली की तिघेही गळतात. दृश्य अक्षरगट मोजणारी सोय वापरली तर हे तीन नीट ५ येतात, पण जुन्या नियमांनुसार ‘र्’ आणि ‘त’ वेगळे धरले जातात आणि वर्तणूक पाचांत घुसते. जोडाक्षर एकच गट धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. आपली प्रणाली त्याआधीची असेल तर हलन्त चिन्हापाशी (‘र्’मधल्या पाय मोडण्याच्या खुणेपाशी) तुटलेला गट पुढच्या अक्षराला जोडून घ्यावा, आणि मगच मोजावे.