१३ तासांचं आयोडीन

हात थरथरतोय. कपातला चहा बशीत सांडतो. पण हा पार्किन्सन आहे की नुसता कंप, हे बाहेरून बघून भल्या भल्या डॉक्टरांनाही कधीकधी पटकन सांगता येत नाही. अशा वेळी एक स्कॅन करतात, त्यासाठी पेशंटला इंजेक्शनमधून किंचित किरणोत्सारी औषध देतात, आणि त्या औषधात असतं आयोडीन-१२३.

आता याची गंमत अशी की ते दुधासारखं नासतं. सकाळी आठला जेवढं बनवलं त्याच्या निम्मं रात्री नऊला उरतं, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाव. म्हणजे साठा करून ठेवायची सोयच नाही, जवळपास कुठेतरी बनवणारं मशीन पाहिजे.

फिनलंडमधल्या युवास्क्युला शहरात ते मशीन आहे, आणि तेही विद्यापीठाच्या फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये. अवाढव्य गोल लोहचुंबक असलेलं हे मशीन म्हणजे के-१३० सायक्लोट्रॉन, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू असलेला. आत मधोमध आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सोडतात, चुंबक त्यांना गोल वळवतो, प्रत्येक फेरीत विजेचा धक्का मिळतो, वेग वाढतो तशी फेरी मोठी होत जाते आणि शेवटी काठावरून त्यांची बीम, म्हणजे झोत, पाइपात निघते.

आयोडीन बनवायचं तर ही प्रोटॉनची बीम झेनॉन-१२४ गॅसवर मारायची. महागडा गॅस आहे, निसर्गातल्या झेनॉनमध्ये हजारात एक अणू तसला असतो, त्यामुळे वापरलेला गॅस थंड करून परत गोळा करतात, थेंबभरही वाया घालवत नाहीत. मग काही तास नुसतं थांबायचं. आत आयोडीन आपोआप तयार होऊन भांड्याच्या भिंतीला चिकटतं, ते पाण्याने धुवून घ्यायचं. इथलं आयोडीन वर्षानुवर्षं शेजारच्याच टिक्काकोस्की गावातल्या औषध कंपनीकडे जायचं. विद्यापीठाला पैसे, कंपनीला कच्चा माल, पेशंटला वेळेत स्कॅन, अजून काय पाहिजे?

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते चिप्सचं काम. अवकाशात एखादा जड आयन चिपमधून आरपार गेला तर तिच्यात साठवलेल्या शून्याचा एक होऊ शकतो, आणि उपग्रह वर गेल्यावर तिथे रिपेअरला कोण जाणार? म्हणून आधीच चिपचं झाकण काढून ती निर्वात चेंबरमध्ये ठेवतात, तिच्यावर तसलेच आयन सोडतात आणि बाहेर स्क्रीनवर चुका मोजत बसतात. २००५ पासून युरोपियन स्पेस एजन्सी अशा टेस्टसाठी इथे येते, कंपन्याही बीमचे तास विकत घेतात.

आणि हे सगळं सांभाळून मूळ संशोधन चालूच. आयन सोर्स कसा जुळवायचा, बीम कशी आणायची हे शिकलेली माणसं तीच, मशीन तेच, आज चिप तर पुढच्या आठवड्यात अणुगर्भ. २०२५ मध्ये इथेच एका पीएचडी करणाऱ्या मुलीच्या कामातून अ‍ॅस्टाटीन या मूलद्रव्याचा नवा प्रकार, अ‍ॅस्टाटीन-१८८, जगासमोर आला, ८५ प्रोटॉन आणि १०३ न्यूट्रॉनचा, टरबुजासारखा लांबट अणुगर्भ. प्रोटॉन बाहेर टाकून मोडणाऱ्या अणुगर्भांमधला तो आजवरचा सगळ्यात जड.