किल्ली कुणाकडे? नेपाळच्या शांतता प्रक्रियेतले बारकावे

नमस्कार श्रोतेहो. आज नेपाळविषयी बोलायचं आहे, आणि सुरुवात करायची आहे लोखंडी कंटेनरपासून.

सरकार आणि माओवादी बंडखोर यांच्यातलं युद्ध थांबल्यावर, जानेवारी २००७ मध्ये नेपाळमधल्या माओवादी छावण्यांत मालवाहतुकीचे कंटेनर येऊन पोहोचले. जनमुक्ती सेनेच्या, म्हणजे माओवाद्यांच्या सैन्याच्या, बंदुका एकेक करून नोंदवायच्या, कंटेनरमध्ये रचायच्या आणि कुलूप लावायचं, असं ठरलं होतं. वाद होता तो किल्लीवरून. सरकारी बाजूला वाटत होतं की शस्त्रं खाली ठेवली म्हणजे ती आमच्या ताब्यात यावीत. माओवादी म्हणत होते, आम्ही हरलेलो नाही, मग शरणागती कसली? शेवटी तोडगा निघाला. किल्ली माओवादी कमांडरकडेच राहील, पण कंटेनरला भोंगा बसवलेला असेल, त्यावर दिवसरात्र प्रकाशझोत असेल आणि संयुक्त राष्ट्रांचे निःशस्त्र निरीक्षक चोवीस तास पहारा ठेवतील. कुणी परस्पर दार उघडलं तर ते लपून राहणार नव्हतं. कंटेनरमध्ये गेलेल्या हत्यारांइतकीच हत्यारं नेपाळी सेनेनंही आपल्या बराकीत याच पद्धतीनं ठेवायची होती.

माओवाद्यांची एकूण ३,४७५ हत्यारं नोंदवली गेली. त्यांतली छावण्यांच्या आणि नेत्यांच्या सुरक्षेपुरती बाजूला काढून २,८५५ कंटेनरमध्ये गेली. सेनेनंही तेवढीच, २,८५५ ठेवली. या बरोबरीला लष्करीदृष्ट्या फारसा अर्थ नव्हता, कारण सेनेकडे त्याच्या कितीतरी पट शस्त्रं होती. पण हरल्याची भावना कुणाच्याच मनात राहू नये यासाठी तिची गरज होती. माझ्या मते त्या सगळ्या प्रक्रियेतलं सर्वांत शहाणपणाचं कलम हेच होतं.

हे युद्ध सुरू झालं १३ फेब्रुवारी १९९६ ला, रोल्पा, रुकुमसारख्या डोंगराळ आणि दुर्लक्षित जिल्ह्यांतून. दहा वर्षांत सुमारे १७,००० माणसं मेली. तेराशेच्या आसपास माणसांचा आजही पत्ता नाही. त्या काळात कितीतरी तरुण गाव सोडून भारतात आले. मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकांवर आणि हॉटेलांच्या भटारखान्यांत त्यांतले अनेक जण कामाला लागले.

शांततेची बोलणी २००१ आणि २००३ मध्येही झाली होती. दोन्ही वेळा काही महिन्यांत युद्धविराम मोडला. का मोडला, हे नीट पाहायला हवं. युद्धविराम पाळला जातो की नाही हे तपासणारी, दोन्ही बाजू जिचं ऐकतील अशी यंत्रणाच नव्हती. सेना खऱ्या अर्थानं राजवाड्याचं ऐकत होती, त्यामुळे टेबलावर बसलेल्या मंत्र्याच्या शब्दामागे बंदूक नव्हती. ऑगस्ट २००३ मध्ये बोलणी चालू असतानाच रामेछाप जिल्ह्यातल्या दोरंबा इथे सेनेनं पकडलेल्या माओवाद्यांना गोळ्या घातल्या. दहा दिवसांत युद्धविराम संपला. वर संविधानसभेच्या, म्हणजे नवं संविधान लिहिणाऱ्या निवडून आलेल्या सभेच्या, माओवाद्यांच्या मूळ मागणीवर तर कुणी बोलायलाच तयार नव्हतं.

मग २००६ मध्ये काय बदललं? फेब्रुवारी २००५ मध्ये राजा ज्ञानेंद्र यांनी सगळी सत्ता हातात घेतली आणि संसदीय पक्षांना माओवाद्यांशी बोलण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रुकुममधल्या चुनबाङ इथल्या बैठकीत माओवाद्यांनी बहुपक्षीय लोकशाही गणराज्याचा मार्ग स्वीकारला. नेतृत्वाची पहिली कसोटी इथे लागली. माओवाद्यांचे नेते प्रचंड यांना शत्रूशी बोलण्याआधी स्वतःच्या लढवय्यांना पटवावं लागलं. नोव्हेंबरमध्ये दिल्लीत सात पक्ष आणि माओवादी यांच्यात बारा कलमी समझोता झाला, एप्रिल २००६ मध्ये १९ दिवसांचं जनआंदोलन झालं आणि राजाला संसद परत बोलवावी लागली.

पंतप्रधानपदी आले गिरिजाप्रसाद कोइराला. वय ऐंशीच्या पुढे, श्वसनाचा आजार, ऑक्सिजनचा आधार. हेच कोइराला २००१ मध्ये पंतप्रधान होते. रोल्पातल्या होलेरीत माओवाद्यांनी पोलिसांना पकडून नेलं आणि सेना त्यांच्याविरुद्ध मनापासून उतरली नाही, तेव्हा त्यांनी पद सोडलं होतं. त्याच माणसानं २१ नोव्हेंबर २००६ ला प्रचंड यांच्यासोबत विस्तृत शांतता करारावर सही केली. जुना हिशेब बाजूला ठेवणं आणि तो विसरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कोइरालांनी तो बाजूला ठेवला.

करारापर्यंतच्या पायऱ्या लक्षात घेण्यासारख्या आहेत. आधी मे महिन्यात २५ कलमांची आचारसंहिता झाली. खंडणी नाही, नवी भरती नाही, चिथावणीखोर भाषणं नाहीत. मग संयुक्त राष्ट्रांना बोलवायचं ठरलं, पण पत्रातल्या शब्दांवर गाडी अडली. ९ ऑगस्टला दोघांनी स्वतंत्र सह्यांची, पण अक्षरशः एकाच मजकुराची दोन पत्रं सरचिटणीस कोफी अन्नान यांना पाठवली. करारानंतर निरीक्षक येऊन पोहोचायला वेळ लागणार होता. असा मधला काळ फार धोक्याचा असतो. तो भरून काढायला भारतीय सेनेतून निवृत्त झालेल्या १११ नेपाळी गोरखा सैनिकांचं तात्पुरतं पथक छावण्यांवर नेमलं. दोन्ही बाजूंना ती माणसं चालण्यासारखी होती. निरीक्षक पाठवण्याचा सुरक्षा परिषदेचा ठराव आला तो २३ जानेवारी २००७ ला.

आता ज्या ठिकाणी गोष्टी बिघडल्या तिथे येऊ.

मोठ्या छावण्या सात होत्या. इलाममधली चुलाचुली, सिंधुलीतली दुधौली, चितवनमधली शक्तिखोर, रोल्पातली दहबन आणि आणखी तीन. प्रत्येकीभोवती तीन उपछावण्या, म्हणजे एकूण २८ जागा. पहिल्या नोंदणीत ३२,२५० जणांनी नावं दिली. मग प्रत्येकाची वेगळी मुलाखत झाली. कसोट्या दोन होत्या : जन्म २५ मे १९८८ नंतरचा नसावा आणि भरती २५ मे २००६ च्या आधीची असावी. म्हणजे युद्धविरामाच्या आचारसंहितेच्या दिवशी अठरा वर्षं पुरी झालेला, खरोखरचा सैनिक. ८,६४० जण मुलाखतीला आलेच नाहीत. ४,००८ अपात्र ठरले, त्यांत २,९७३ अल्पवयीन होते. १९,६०२ पात्र ठरले, त्यांत ३,८४६ स्त्रिया.

पुढे मे २००९ मध्ये शक्तिखोरच्या छावणीतली आदल्या वर्षीची एक चित्रफीत बाहेर आली. तिच्यात प्रचंड आपल्या लोकांना सांगत होते की खरी संख्या सात-आठ हजारच होती, आपण ती फुगवून सांगितली. हे नेपाळपुरतंच घडतं असं नाही. छावणीत माणसामागे भत्ता आणि वाटाघाटीत वजन मिळणार असेल, तर आकडा फुगणारच. म्हणूनच पडताळणी पहिल्या काही आठवड्यांत व्हायला हवी. नेपाळमध्ये ती पुरी व्हायला डिसेंबर २००७ उजाडला.

त्याहून मोठी चूक छावण्यांच्या जगण्यात झाली. पाऊस तोंडावर आला तरी पक्की छपरं नव्हती, पाण्याची सोय अपुरी होती, महिन्याचा भत्ता थकत होता. ज्याच्या हातातून बंदूक घेतली त्याला महिन्याचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत, तर करारावरचा त्याचा विश्वास तिथेच उडतो. आणि ही सोय काही महिन्यांसाठी ठरलेली होती, ती पाच वर्षं चालली. छावणीतच लग्नं झाली, मुलं झाली. अपात्र ठरलेल्या मुलामुलींना सोडायला २०१० उजाडलं. ‘अयोग्य’ हा शिक्का घेऊन ती गावी परतली. लहानपणी त्यांना युद्धात ओढलं गेलं होतं, त्यात त्यांचा दोष नव्हता. हा शब्द कागदावर येताना कुणीतरी अडवायला हवा होता.

सैनिकांचं पुढे काय करायचं, हे करारात एका विशेष समितीवर सोपवून ढकललं होतं. सही लवकर व्हावी म्हणून कठीण मुद्दा पुढे ढकलणं समजण्यासारखं आहे, पण त्याला मुदत आणि पर्यायी निर्णयाची वाट हवी. ती नव्हती. २००८ च्या निवडणुकीनंतर आलेलं प्रचंड यांचं सरकार मे २००९ मध्ये सेनाप्रमुखांच्या बडतर्फीवरून पडलं आणि काम ठप्प झालं. नोव्हेंबर २०११ मध्ये सात कलमी समझोता झाला तेव्हा गाडी हलली. जास्तीत जास्त ६,५०० जणांना सेनेत घ्यायचं, तेही वनसुरक्षा, औद्योगिक सुरक्षा, आपत्ती निवारण अशा कामांच्या वेगळ्या विभागात. बाकीच्यांनी हुद्द्याप्रमाणे ५ ते ८ लाख नेपाळी रुपये दोन हप्त्यांत घेऊन निवृत्त व्हायचं. एप्रिल २०१२ मध्ये छावण्यांत तणाव वाढला आणि त्या नेपाळी सेनेच्या ताब्यात दिल्या गेल्या. प्रत्यक्षात सेनेत गेले ते जेमतेम १,४०० च्या आसपास.

आणखी एक गोष्ट. करार डोंगरातल्या दोन शक्तींमध्ये झाला, तराईतल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट प्रदेशातल्या, मधेशींना त्यात आपला आवाज दिसला नाही. १५ जानेवारी २००७ ला अंतरिम संविधान लागू झालं आणि काही दिवसांत मधेश पेटला. संघराज्य आणि मतदारसंघांची फेररचना या मागण्यांसाठी ते संविधान काही आठवड्यांत दुरुस्त करावं लागलं. दोन सशस्त्र बाजूंशी बोललं की सगळ्या देशाशी बोलणं झालं, असा नेत्यांचा समज वारंवार होतो. पण ज्याच्या हातात बंदूक नाही त्याचं ऐकलं नाही, तर त्याला वाटू लागतं की ऐकवायचं असेल तर बंदूकच हवी.

तरीही एप्रिल २००८ च्या निवडणुकीनंतर भरलेल्या ६०१ जणांच्या संविधानसभेत जवळपास एक तृतीयांश स्त्रिया होत्या. २०१५ मध्ये संविधान आलं. दोन्ही सेनांमध्ये पुन्हा युद्ध झालं नाही. हे यश मोठं आहे आणि ते मोकळ्या मनानं मान्य करायला हवं.

अपुरं राहिलं ते न्यायाचं काम. करारानुसार बेपत्ता माणसांची माहिती ६० दिवसांत जाहीर व्हायची होती. त्यासाठीचे आयोग प्रत्यक्षात नेमले गेले २०१५ मध्ये. त्यांतल्या सत्य निरूपण आयोगाकडे, म्हणजे युद्धकाळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या आयोगाकडे, ६० हजारांवर तक्रारी आल्या, पण गंभीर गुन्ह्यांना माफी देणारी कलमं सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली आणि कायदा वर्षानुवर्षं लटकला. दुरुस्ती झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. उशिराचं कारण गुंतागुंतीचं नाही : ज्यांची चौकशी व्हायची, ते दोन्हीकडचे लोक सत्तेत किंवा सत्तेजवळ होते. इकडे बर्दियासारख्या जिल्ह्यात, जिथून थारू समाजातली माणसं मोठ्या संख्येनं नाहीशी झाली, तिथल्या बायकांपुढे रोजचा प्रश्न आहे. नवरा मेला असं लिहून दिलं तर शोध थांबतो. लिहून दिलं नाही तर जमीन नावावर होत नाही. नव्या कायद्याखालच्या आयोगानं आधी ही नावं, ही गावं आणि पुरलेल्या जागा हाती घ्याव्यात, अशी या कुटुंबांची मागणी आहे, आणि ती पुरी करायला आता कराराची नाही, फक्त काठमांडूतल्या सहीची गरज आहे.

नमस्कार.