स्टँडमधला ग्रीस

(दृश्य: थेस्सालोनिकी, टुम्बा स्टेडियम. काळे-पांढरे झेंडे. कॅमेरा एका झेंड्यावरच्या चिन्हावर थांबतो.)

हा गरुड नीट बघा. दोन डोकी, आणि पंख मिटलेले. हे पाओक या फुटबॉल क्लबचं चिन्ह. आता अथेन्सला चला. तिथे एईके क्लबच्या झेंड्यावरही दोन डोक्यांचाच गरुड आहे, पिवळ्यावर काळा. त्याचे पंख मात्र पसरलेले. दोन्ही क्लबच्या चाहत्यांमधून विस्तव जात नाही, पण गरुड एकाच घरचा आहे, बायझंटाइन साम्राज्याचा. त्या साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. पाओकचे लोक सांगतात, आमच्या गरुडानं पंख मिटलेत ते दुःखानं. जर्सीतला काळा रंग गमावलेल्या मुलखासाठी आणि पांढरा आशेसाठी.

तो मुलूख कसा गेला, हे कळल्याशिवाय ग्रीसमधली एकही मोठी मॅच नीट कळणार नाही.

(दृश्य: स्मर्ना बंदर, 1922. जुनी छायाचित्रं.)

1919 मध्ये ग्रीक सैन्य आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, किनाऱ्यावर उतरलं. जुनं साम्राज्य पुन्हा उभं करायचं, हे स्वप्न होतं. तीन वर्षांत तुर्की सेनानी मुस्तफा केमालच्या सैन्यानं ते मोडून काढलं. सप्टेंबर 1922 मध्ये तिथलं स्मर्ना, म्हणजे आजचं इझमिर, जळलं. धक्क्यावर हजारो माणसं, मागे आग आणि पुढे समुद्र. पुढच्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे करार झाला, तो लोकसंख्येच्या अदलाबदलीचा. सुमारे 12 लाख ख्रिश्चन ग्रीसमध्ये आले, साडेतीन लाखांच्या वर मुसलमान तुर्कस्तानात गेले. माणसं वाटली ती धर्म बघून, भाषा बघून नाही. कापादोकियातले तुर्की बोलणारे ख्रिश्चन 'ग्रीक' ठरले आणि क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान 'तुर्क' ठरले. घरात कोणती भाषा बोलता, हे कुणी विचारलंच नाही.

या माणसांनी बोचक्यांतून जे आणलं, त्यात फुटबॉलही होता. पॅनिओनिओस हा स्मर्नातला 1890 चा क्लब. तो अख्खाच्या अख्खा उठून अथेन्सला आला आणि ज्या वस्तीत रुजला तिचं नाव पडलं नेआ स्मिर्नी, नवं स्मर्ना. कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्यांनी 1924 मध्ये अथेन्समध्ये एईके काढला आणि 1926 मध्ये थेस्सालोनिकीत पाओक. दोन्ही क्लबच्या नावात 'के' हे अक्षर आहे, ते कॉन्स्टँटिनोपलचं.

आणि मायदेशानं त्यांचं स्वागत कसं केलं? 'तुर्कांचं बियाणं' म्हणून. 'दह्यात बाप्तिस्मा झालेले', म्हणजे धड ख्रिश्चनही नव्हेत, म्हणून. रोजगार कमी, घरं कमी, त्यात ही नवी माणसं राजाचा विरोधक नेता व्हेनिझेलोसला मत देणार, म्हणून राजाच्या बाजूचे लोक त्यांच्यावर आणखीच चिडून. 1933 मध्ये राजेशाहीवाल्या एका संपादकानं तर निर्वासितांनी दंडाला पिवळ्या पट्ट्या बांधाव्यात, म्हणजे ते ओळखू येतील, अशी मागणी केली. ज्या धर्मासाठी घरदार सोडावं लागलं, त्याच धर्माच्या देशात या लोकांना आपण ग्रीक असल्याचं सिद्ध करावं लागत होतं. माझ्या मते ग्रीक स्टँडमधल्या आजच्या सगळ्या आरडाओरड्याचं मूळ इथे आहे.

(दृश्य: अथेन्स, अलेक्झांड्रास अव्हेन्यू. रस्त्याच्या एका बाजूला स्टेडियम, दुसऱ्या बाजूला जुन्या सपाट भिंतींच्या इमारती.)

हा रस्ता सावकाश बघू. डावीकडे पॅनाथिनाइकॉसचं जुनं मैदान. 1908 चा हा क्लब, हिरवा रंग, तीन पानांचं चिन्ह, आणि अथेन्सच्या खात्यापित्या घरांचा क्लब अशी त्याची जुनी ओळख. समोर, रस्ता ओलांडला की या आठ इमारती. 1930 च्या दशकात आशिया मायनरच्या निर्वासितांसाठी बांधलेल्या. लहान खोल्या, सरळ रेषा, पोपडे निघालेला रंग.

भिंतीच्या जवळ जाऊ. ही भोकं दिसतात ना? ती गोळ्यांची आहेत, डिसेंबर 1944 मधल्या. जर्मन सैन्य निघून गेल्यावर दोन महिन्यांच्या आत अथेन्सच्या रस्त्यांवर डावे प्रतिकारक एका बाजूला आणि सरकार व ब्रिटिश फौजा दुसऱ्या बाजूला, अशी लढाई जुंपली. निर्वासितांच्या वस्त्या बहुतेक डाव्यांकडे होत्या. पुढे या इमारती पाडायचा घाट सरकारनं घातला होता. विरोध झाला, इमारती वारसा म्हणून वाचल्या, भोकंही राहिली. मॅचच्या दिवशी हिरवे झेंडे घेतलेली पोरं याच भिंतींवरून जातात.

आता पिरेअस. बंदर, गोदी, कारखाने. इथला क्लब ऑलिंपियाकॉस, 1925 चा, लाल-पांढरा. पॅनाथिनाइकॉस श्रीमंतांचा, ऑलिंपियाकॉस हमालांचा, ही वाटणी आज खरी राहिलेली नाही. दोन्ही क्लबचे मालक धनाढ्य आहेत, आणि 2014 मध्ये तर ऑलिंपियाकॉसचा उपाध्यक्षच पिरेअसचा महापौर झाला. पण स्टँडमध्ये जुनी वाटणीच चालते. आणि एका माणसाची गोष्ट तिथे आजही सांगितली जाते.

निकोस गोदास. जन्म आयवालिकचा, म्हणजे आशिया मायनरचाच. वाढला पिरेअसच्या निर्वासित वस्तीत, कोकिनियात. जर्मनांच्या ताब्यातल्या त्या उपाशी वर्षांत ऑलिंपियाकॉसकडून खेळला आणि बंदूक घेऊन प्रतिकारातही लढला. कम्युनिस्ट. यादवी सुरू झाल्यावर त्याला फाशीची नाही, गोळीची शिक्षा झाली. 19 नोव्हेंबर 1948, कॉर्फूजवळचं लाझारेतो हे छोटं बेट. सांगतात, त्यानं शेवटची इच्छा म्हणून ऑलिंपियाकॉसची जर्सी मागितली, आणि डोळ्यांवर पट्टी नको म्हणाला. गोळ्या ग्रीक सैनिकांच्या होत्या. लाल-पांढऱ्या जर्सीत उभा असलेला तो माणूस त्यांच्या लेखी देशद्रोही होता.

(दृश्य: वेम्बली, 1971. कृष्णधवल चित्रीकरण.)

1967 मध्ये लष्करानं सत्ता घेतली ती सात वर्षं सोडली नाही. त्या काळात, 1971 मध्ये, पॅनाथिनाइकॉस युरोपियन कपच्या फायनलला पोहोचला. कोच होता फेरेन्स पुश्काश. डच क्लब आयॅक्सनं 2-0 नं हरवलं, तरी देशभर जल्लोष झाला आणि कर्नलांनी तो आपल्या नावावर जमा करून घेतला. तुरुंगात आणि ओसाड बेटांवर डांबलेल्यांमध्येही हिरव्या क्लबवर जीव टाकणारे असणारच. त्यांनी त्या रात्री काय करायचं होतं?

(दृश्य: लिस्बन, 4 जुलै 2004.)

आणि मग ही रात्र. ग्रीसनं तोवर मोठ्या स्पर्धेत एकही मॅच जिंकली नव्हती. 1994 च्या वर्ल्ड कपमध्ये तीन मॅच, दहा गोल खाल्ले, एकही केला नाही. तोच संघ 2004 च्या युरो स्पर्धेत आधी यजमान पोर्तुगालला हरवतो, मग फ्रान्सला, मग चेक संघाला, आणि फायनलला पुन्हा पोर्तुगालला. 57 वं मिनिट, कॉर्नर, आंगेलोस खारिस्तेआसचं डोकं, 1-0. कोच ओटो रेहागेल. ज्या देशात जर्मन ताब्याच्या, उपासमारीच्या आठवणी घराघरांत आहेत, तिथे एका जर्मन म्हाताऱ्याला लोकांनी डोक्यावर घेतलं. संघ परतला तो संगमरवरी पॅनाथेनाइक स्टेडियमवर, 1896 चं पहिलं आधुनिक ऑलिंपिक जिथे झालं तिथे. लाल, हिरवे, पिवळे, काळे, सगळे त्या रात्री निळे-पांढरे झाले होते.

बरोबर दोन महिन्यांनी, 4 सप्टेंबरला, हेच युरोपचे विजेते तिरानात अल्बेनियाकडून 2-1 नं हरले.

इथे थांबायलाच हवं. 1991 नंतर अल्बेनियातून लाखो माणसं ग्रीसमध्ये आली होती. 2001 च्या जनगणनेत ग्रीसमधल्या परदेशी लोकांपैकी निम्म्याहून जास्त अल्बेनियन होते. ऑलिव्ह तोडणं, म्हाताऱ्यांची सेवा, बांधकामं, सगळं त्यांच्याकडे. अथेन्स ऑलिंपिकच्या बांधकामांवरही त्यांनी घाम गाळला होता. त्या रात्री ते आपला झेंडा घेऊन चौकांत नाचायला उतरले, आणि त्यांच्यावर हल्ले झाले. झाकिन्थॉस बेटावर एका अल्बेनियन तरुणाला भोसकून मारलं गेलं. एका फुटबॉल मॅचचा आनंद केला म्हणून.

त्या काळात ग्रीसमध्ये एक घोषणा सर्रास ऐकू यायची: 'अल्बेनियन्या, तू कधीच ग्रीक होणार नाहीस.' ती देणाऱ्या किती पोरांचे पणजोबा-पणज्या 'तुर्कांचं बियाणं' हे शब्द ऐकत बोटीतून उतरले असतील? मला या विषयात सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट हीच आहे. जखम कशी असते हे ज्या घरांना ठाऊक होतं, त्याच घरांतून दगड आले.

(दृश्य: अथेन्सचं ऑलिंपिक स्टेडियम, 16 मार्च 2013.)

कर्जाच्या संकटानं देश मोडला होता. 2012 च्या निवडणुकीत 'गोल्डन डॉन' हा नवनाझी पक्ष संसदेत शिरला होता. राष्ट्रीय संघाच्या स्टँडमध्ये त्यांचे लोक आधीपासूनच होते, 'निळी सेना' नावाच्या गटातून. अशा दिवसांत एईकेचा 20 वर्षांचा योर्गोस कातिदिस वेरियाविरुद्ध विजयी गोल करतो, जर्सी काढतो आणि हात पुढे करून नाझी सलाम ठोकतो. निर्वासितांच्या क्लबच्या मैदानात. ज्यांचा मुख्य गट, 'ओरिजिनल 21', स्वतःला फॅसिझमविरोधी म्हणवतो आणि लिव्होर्नो, मार्सेयच्या डाव्या चाहत्यांशी दोस्ती ठेवतो, त्यांच्यासमोर. कातिदिस म्हणाला, मला अर्थ माहीत नव्हता, मी स्टँडमधल्या एका सहकाऱ्याकडे बोट दाखवत होतो. ग्रीक फुटबॉल महासंघानं त्याला राष्ट्रीय संघांतून जन्मभरासाठी बाद केलं. त्याच मोसमात एईके इतिहासात पहिल्यांदा खालच्या विभागात घसरला.

त्याच वर्षी 17 सप्टेंबरच्या रात्री पिरेअसजवळ केरात्सिनीत रॅपर पावलोस फिसास कॅफेत बसून मॅच बघत होता. ऑलिंपियाकॉस विरुद्ध पॅरिस. मॅच संपली, मध्यरात्र उलटली, आणि बाहेर रस्त्यावर गोल्डन डॉनच्या माणसानं त्याला भोसकलं. त्या खुनाचा खटला सात वर्षांनी पक्षावरच उलटला. 7 ऑक्टोबर 2020 ला न्यायालयानं गोल्डन डॉनला गुन्हेगारी संघटना ठरवलं.

(दृश्य: पुन्हा टुम्बा. 11 मार्च 2018.)

उत्तरेचं दुखणं वेगळं. थेस्सालोनिकी ग्रीसमध्ये आलं 1912 मध्ये. अथेन्सचे स्टँड पाओकच्या चाहत्यांना आजही 'बल्गेरियन' म्हणून हिणवतात. त्या भागावर बल्गेरियाचाही दावा होता, दुसऱ्या महायुद्धात पूर्व मॅसेडोनिया बल्गेरियन सैन्याच्या टाचेखाली होता, आणि तोच शब्द आता शिवी झाला आहे. उत्तरेची माणसं उत्तर देतात, 'अथेन्सचं राज्य आम्हाला लुटतं.' रेफरीची शिट्टी चुकीची वाजली, तरी त्यांना त्यात राजधानी दिसते. शेजारच्या देशानं मॅसेडोनिया हे नाव वापरावं का, यावरून 2018 च्या सुरुवातीला थेस्सालोनिकीत प्रचंड मोर्चे निघाले. 'मॅसेडोनिया ग्रीसचाच' हे फलक स्टँडमध्येही होते.

अशा हवेत पाओक आणि एईके समोरासमोर आले. शेवटच्या मिनिटांत पाओकचा गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला. पाओकचा मालक इव्हान साव्हिदिस, जॉर्जियात जन्मलेला पाँटिक, म्हणजे मूळच्या काळ्या समुद्राकाठच्या घराण्यातला, ग्रीक, रशियन संसदेचा माजी सदस्य, मैदानात उतरला. कमरेला पिस्तूल. सरकारनं अख्खी लीग थांबवली. त्या वर्षीचं विजेतेपद 24 वर्षांनी एईकेला मिळालं, पुढच्या वर्षी एकही मॅच न हरता पाओकला. दोन्ही गरुड, लागोपाठ. खरं तर निर्वासितांच्या घरात केवढा सण व्हायला हवा होता!

1 फेब्रुवारी 2022. थेस्सालोनिकीत रात्री रस्त्यावर उभ्या मुलांना काही जणांनी विचारलं, 'कुठल्या टीमचा?' 19 वर्षांचा मुलगा अ‍ॅरिस क्लबचा होता. त्याला मारून टाकलं. ऑगस्ट 2023 मध्ये क्रोएशियातल्या झाग्रेबच्या क्लबचे अतिउजवे गुंड अथेन्समधल्या एईकेच्या वस्तीत, नेआ फिलाडेल्फियात, घुसले आणि एईकेचा 29 वर्षांचा चाहता गेला. डिसेंबरमध्ये एका व्हॉलिबॉल मॅचच्या बाहेर पेटता फ्लेअर लागलेला पोलिस शिपाई पुढे मरण पावला, आणि सरकारनं दोन महिने स्टेडियम चाहत्यांना बंद ठेवले. आता कॅमेरे आले, मोबाइलवरची तिकिटं आली, गटांवर कायदे आले. त्यांची गरज होतीच.

(दृश्य: नेआ फिलाडेल्फिया. नवं स्टेडियम, बाहेर गरुडाचा पुतळा.)

हे एईकेचं नवं घर. नाव आया सोफिया, इस्तंबूलच्या जुन्या बायझंटाइन चर्चवरून. उघडलं सप्टेंबर 2022 मध्ये, स्मर्ना जळालं त्याला शंभर वर्षं होत असताना.

29 मे 2024 ला इथे युरोपच्या कॉन्फरन्स लीगची फायनल झाली. 29 मे म्हणजे 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं तो दिवस. त्या तारखेला, पडलेल्या शहराच्या नावाच्या क्लबच्या मैदानावर, फायनल खेळला ऑलिंपियाकॉस. समोर इटलीचा फिओरेंतिना. जादा वेळ, 116 वं मिनिट, आणि गोल केला मोरोक्कोच्या अयूब एल काबीनं. 1-0. ग्रीसच्या कुठल्याही फुटबॉल क्लबला युरोपचा कप मिळाला तो पहिल्यांदाच.

पिरेअसचे हजारो चाहते त्या रात्री एईकेच्या खुर्च्यांवर बसले होते, कारण मॅच युएफाची, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेची, होती. ग्रीक लीगमध्ये वर्षानुवर्षं अशा मोठ्या लढतींना पाहुण्या संघाच्या चाहत्यांना आत सोडतच नव्हते.